नवतप्यात एसी गेला त्याची गोष्ट

एसी बंद पडला त्याच्या दोनच दिवस आधी मी आईंना म्हणजे सासूबाईंना म्हटलं होतं की यंदा नवतपा (मेच्या शेवटी येणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) आला कधी गेला कधी कळणारसुद्धा नाही बघा. आई काही बोलल्या नाही, नुसतं बघितलं माझ्याकडे. आता वाटतं तोंडातून काढायलाच नको होतं.

तर हे २०२४ च्या मे महिन्यातलं. आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहतो, तिसरा मजला, वर थेट गच्ची, लिफ्ट नाही. विदर्भात शेवटच्या मजल्यावर ज्याने मे काढला त्याला मी काय सांगणार, पण बाकीच्यांसाठी सांगते, रात्री अकरा वाजता बेडरूमच्या भिंतीला हात लावला तर ताप आलेल्या पोराच्या पाठीला लावल्यासारखा लागतो. दुपारी नळाला जे पाणी येतं त्यात चहापत्ती टाकायची तेवढी बाकी असते. आंघोळीच्या बादल्या रात्रीच भरून ठेवायच्या म्हणजे सकाळपर्यंत जरा निवतात. हे सगळं आम्हाला नवीन नाही, पण २०२१ ला एसी घेतला आणि तीन वर्षांत आम्ही इतके नाजूक झालो की विचारू नका. एकच एसी, दीड टनाचा, बेडरूममधे, आणि मे महिन्यात आम्ही पाचही जण त्याच एका खोलीत झोपतो, मी, नवरा, आई, मोठा आणि धाकटी. आई पलंगावर, बाकी सगळे खाली गाद्या टाकून. आणि गंमत अशी की एसी घेऊ नका, हाडं दुखतात, असं वर्षभर म्हणणाऱ्या आईच आता रात्री नऊला रिमोट घेऊन आधी जाऊन बसतात.

मंगळवारी २१ तारखेला रात्री धाकटी उठून म्हणाली आई माझ्या उशीवर पाऊस पडून राहिला. बघितलं तर इनडोअर युनिटमधून टपटप पाणी. खाली बादली लावली, बादलीत टॉवेल टाकला म्हणजे आवाज होऊ नये, आणि झोपलो. सकाळी नवऱ्याने फिल्टर काढून धुतले, ते अर्थात धुवायला झालेच होते, माझ्या पिठाच्या चाळणीला जेवढं पीठ चिकटत नाही तेवढी धूळ होती. म्हटलं झालं, हेच असणार. पण बुधवारी दुपारी हवा थंड यायची बंदच झाली, मोठ्याने स्टुलावर चढून झाकण उघडलं तर आत जाळीवर पांढराशुभ्र बर्फ! म्हणजे बाहेर ४४ अंश आणि एसीच्या पोटात बर्फ, आणि तरी हवा गरम. त्याने फोटो काढून मित्रांना पाठवला, एकाने उत्तर दिलं की मग गोळा विका ना बे.

(हा बर्फ का होतो ते मला नंतर कळलं. गॅस कमी झाला की आतल्या कॉइलमधलं प्रेशर पडतं, कॉइल शून्याच्याही खाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर गोठत बसते. मग बर्फामुळे हवाच आरपार जात नाही. आणि एसी बंद केला की तो वितळतो आणि उशीवर पाऊस. म्हणजे मंगळवारीच एसी आम्हाला सांगत होता, आम्ही टॉवेल लावून झोपलो.)

कंपनीला फोन केला. एक दाबा, तीन दाबा, परत एक दाबा, मग एक मुलगी आली लाइनवर, फार गोड बोलली, ४८ तासात टेक्निशियन येईल मॅडम. वॉरंटीचं विचारलं तर कंप्रेसरवर दहा वर्षं आहे, बाकी सगळ्यावर एकच वर्ष होतं, ते कधीच संपलं. एसी घेताना दुकानदार ते दहा वर्षं दहा वर्षं असं काही म्हणतो की आपल्याला वाटतं अख्खा एसीच दहा वर्षं सांभाळतील. आणि दुसऱ्या दिवशी गुरुवारी २३ ला बुद्धपौर्णिमेची सुट्टी. म्हणजे ४८ तास कुठून मोजायचे तेही कळेना.

मग आईंनी विषय काढला. कूलर.

आमच्याकडे बाबांच्या म्हणजे सासऱ्यांच्या वेळचा पत्र्याचा कूलर आहे, ते जाऊन सहा वर्षं झाली, कूलर त्याच्याही आधीचा. एसी आल्यावर आम्ही तो गच्चीवर टाकला होता आणि आईंनी त्याच्या टाकीत माती भरून धोपा लावला होता (तुम्ही लोक अळू म्हणता तो). चांगला माजला होता धोपा. गुरुवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, नवरा आणि मोठा दोघं वर गेले, धोपा काढून कुंड्यांमधे लावला, माती उपसली, खाली पत्रा गंजून तीन ठिकाणी भोक. एम-सील लावलं. पंखा हाताने फिरवला तर फिरेना, शिलाई मशीनचं तेल घातलं आणि अर्धा तास ठोकठोक केल्यावर फिरला. पंप मेलेला होता, तो नवीन आणला. ताट्यांची (कूलरच्या बाजूंना लावायच्या, पाण्याने ओल्या राहतात त्या) नुसती काडी उरली होती. चौकात ताट्यावाला बसतो त्याच्याकडून तीन नवीन आणल्या, दोन साध्या आणि एक वाळ्याची, कारण आईंनी सांगितलं होतं की वाळा पाहिजेच, नाहीतर मला कूलर लावल्यासारखं वाटणार नाही. तिन्ही वाळ्याच्या घ्यायच्या तर नवऱ्याने भाव ऐकून सुस्कारा टाकला म्हणून एक. तीन मजले ते धूड उतरवायचं नव्हतं, गच्चीवरून आमच्या घरात एकच जिना, तरी दोन भिंतींचा नवा रंग गेला. तो रंग लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

पाणी भरलं, चालू केला, पाच मिनिटांत घरभर वाळ्याचा वास. आई डोळे मिटून बसल्या होत्या समोर. मी काही बोलले नाही.

पण पहिली रात्र फजितीचीच झाली. आम्ही कूलर बेडरूममधे ठेवला आणि एसीच्या सवयीने दार लावलं, खिडकी लावली, पडदा ओढला. तासाभरात सगळे घामाने चिंब. चादरी ओल्या लागायला लागल्या, उशा चिकट. नवरा म्हणाला आपण कोकणात आलो का काय. मोठ्याने काय केलं, फ्रीजमधला सगळा बर्फ नेऊन कूलरच्या टाकीत ओतला, काही फरक नाही. तेव्हा आईच उठल्या आणि म्हणाल्या, अरे दार उघडा रे, कूलरला नाक पाहिजे आणि तोंडही पाहिजे. खरंच, आमच्या लहानपणी कूलर नेहमी खिडकीच्या बाहेर असायचा, पाठ बाहेर तोंड आत, आणि समोरचं दार उघडं. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत येणार, घरातून फिरून दुसरीकडून निघून जाणार. आम्ही त्याला कोंडला आणि तीच ती दमट हवा घुसळत बसलो. पण आता आमच्या खिडकीला स्लायडिंग आणि बाहेरून ग्रिल, कूलर बसणार कुठे? शेवटी तो बाल्कनीच्या दारात ठेवला, पाठ बाल्कनीकडे, आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी, आणि गाद्या सगळ्या हॉलमधे. मग जी हवा सुटली ती अशी की पहाटे चादर घ्यावी लागली.

बर्फावरून मात्र मोठ्याला मी सोडलं नाही. याची दहावीची परीक्षा मार्चमधे झालेली, उष्णतेचा धडा पाठ केला होता ना रे, म्हटलं सांग अप्रकट उष्मा. तर धडाधडा सांगितलं, बर्फ वितळायचा ग्रॅमला ८० कॅलरी, पाण्याची वाफ व्हायची ५४०. मग आपणच डोकं खाजवत म्हणाला, म्हणजे एक लिटर पाणी ताटीतून उडालं की जवळपास सात किलो बर्फाचं काम होतं? हो राजा. आपल्याकडे मेमधे दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल वाळत टाकून वळेपर्यंत कडक होतो, त्या कोरडेपणावरच कूलर चालतो, बर्फावर नाही. पाणी मात्र ढसाढसा पितो. दर तीन-चार तासाला दोन बादल्या. आणि आमच्या बिल्डिंगला मेमधे एक दिवसाआड पाणी, म्हणजे कपडे धुतल्यानंतरचं शेवटचं खळबळलेलं पाणीसुद्धा मी कूलरला घालत होते. वाळ्याबरोबर साबणाचाही वास यायचा मग.

शुक्रवारी अजून एक झालं. धाकटीने अनवाणी जाऊन कूलरच्या पत्र्याला हात लावला आणि किंचाळली. झिणझिण्या आल्या होत्या, नशिबाने तेवढंच. विदर्भात दर उन्हाळ्यात पेपरमधे कूलरच्या करंटने कोणीतरी गेल्याची बातमी असतेच असते, आणि आपण वाचून पान उलटतो. नवऱ्याचे हातपाय कापत होते. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तो म्हणाला दोन पिनचा प्लग लावलाय तुम्ही, अर्थिंग कुठाय? बाबांनी तीन पिनचाच लावलेला होता, तो तुटला म्हणून आम्हीच कधीतरी दोन पिनचा लावलेला. त्याने पत्र्याला अर्थ वायर जोडून दिली, तीन पिनचा प्लग, आणि पंपाची वायर ओल्यात लोंबत होती ती वर बांधली. तेव्हापासून घरात नियम, पाणी घालताना आधी बटन बंद आणि प्लग बाहेर, पायात चप्पल, आणि धाकटीसाठी जमिनीवर खडूची रेघ. ती म्हणते लक्ष्मणरेषा.

त्याच दिवशी दुपारी कंपनीचा मेसेज आला. तुमच्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे, आमची सेवा कशी वाटली ते कळवा. कोणी आलं नाही, फोन नाही, काही नाही, आणि निवारण! आधी एकदा कोणा मुलाचा फोन आला होता की मॅडम तो हॅपी कोड आलाय ना तेवढा सांगा म्हणजे उद्या यायला बरं पडेल. हॅपी कोड म्हणजे काम झाल्यावर आपण खूश आहोत म्हणून द्यायचा नंबर. मी दिला नव्हता हं, तरी कसं काय निवारण झालं देव जाणे. नवऱ्याने फोन करून तक्रार परत उघडायला लावली, परत ४८ तास.

मग शनिवारी, २५ ला, म्हणजे नवतपा लागला त्याच दिवशी, आमचा धीर सुटला आणि बाहेरचा माणूस बोलावला. कोणाच्या तरी ओळखीने आला, पंचवीस-सव्वीसचा पोरगा असेल. आउटडोअर आमचं पश्चिमेच्या भिंतीला आहे, तो खिडकीतून वाकला, गेज लावलं, म्हणाला भाभीजी गॅस खतम है. सिलिंडर जोडला, अधूनमधून जाड पाइपला हात लावून बघायचा थंड झाला का, वीस मिनिटांत खेळ खलास, २८०० रुपये. आणि खरंच थंड! मी त्याला लिंबू सरबत दिलं, दोन ग्लास प्यायला. त्या रात्री दार लावून सगळे एसीत झोपलो, कूलर बाल्कनीत सरकवला. सोमवारी २७ ला दुपारी एकला दहावीचा निकाल लागला, ८७ टक्के, एसीत बसून आइस्क्रीम खाल्लं, शेजारपाजारच्यांना पेढे वाटले, मला वाटलं संकट गेलं.

बुधवारी संध्याकाळी मोठा हळूच येऊन म्हणाला, आई, परत गोळ्याचा धंदा सुरू.

त्या पोराला फोन केला तर म्हणतो गॅसची गॅरंटी नसते, परत भरावा लागेल. अरे पण चार दिवसांत गॅस जातो कुठे? तर म्हणे गर्मी जास्त आहे ना, जास्त वापरला की संपतो. आणि खरं सांगते, मला ते पटलं होतं! स्कूटरचं पेट्रोल संपतं, सिलिंडर संपतो, तसाच एसीचा गॅस संपत असेल. बिल्डिंगमधे चार जणांना विचारलं तर चौघांनी सांगितलं दर दोन वर्षांनी भरावाच लागतो, आम्हीही भरतो.

गुरुवार ३० मे मी विसरणार नाही. त्या दिवशी सगळ्या फोनवर एकच बातमी, नागपुरात ५६ अंश! आदल्या दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ आलं होतं, आता आमचं ५६. नंतर हवामान खात्याने सांगितलं की नागपूरच्या त्या ऑटोमॅटिक स्टेशनचा सेन्सरच बिघडलेला होता, खरं तापमान त्याच्या दहाएक अंश खाली होतं. (नागपूरचा खरा रेकॉर्ड २३ मे २०१३ चा आहे, ४७.९, त्या उन्हाळ्यात मोठा पाच वर्षांचा होता आणि आम्ही त्याला टबात बसवून ठेवायचो.) पण दुपारी अडीचला जेव्हा लाइट गेली तेव्हा मला ५६ खोटं वाटलं नव्हतं. एसी नाही, कूलर नाही, इन्व्हर्टरवर दोन पंखे, तेही तासाभरात कूं कूं करत बसले. पंखा चालू होता तेव्हाही काय, भट्टीपुढे बसून भाता मारल्यासारखी हवा.

आई बंगईवर (झोपाळ्यावर) बसल्या होत्या. चौऱ्याहत्तर वय, शुगर आहे, बीपी आहे, बीपीसाठी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू आहे. एरवी लाइट गेली की वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, त्या दिवशी गप्प. चारच्या सुमारास मी विचारलं आई ताक देऊ का, तर माझ्याकडे बघितलं आणि उत्तरच नाही. हात धरला, तर हात गरम आणि कोरडा. मळमळतंय म्हणाल्या, आणि पाय ओढले जातायत. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले आधी त्यांना त्या घरातून खाली आणा, अंगावर ओला कपडा आणि वारा घाला, शुद्धीत आहेत तोवर पाणी घोट घोट द्या, ताप बघा, बडबड करायला लागल्या किंवा १०३ च्या वर गेला तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल. ग्लुकोजचं पाणी आणि खारं पन्हं भरमसाट देऊ नका, शुगर-बीपीचा पेशंट आहे. आणि गोळ्या तुम्ही मनानं बंद करू नका, मी सांगतो काय करायचं ते.

पहिल्या मजल्यावर काकू राहतात, त्यांचं घर दोन मजल्यांच्या पोटात असल्यामुळे आमच्यापेक्षा चार-पाच अंश तरी थंड. नवरा ऑफिसमधे. मी आणि मोठ्याने दोन्हीकडून धरून एकेक पायरी उतरवलं, मधल्या लँडिंगवर बसवलं, परत उतरवलं. काकूंनी फरशीवर पाणी मारून ठेवलं होतं, तिथेच चटई टाकून झोपवलं. नऊवारीचं जुनं लुगडं माठाच्या पाण्यात बुडवून पिळून अंगावर, काखेत ओले पंचे, आणि मोठा पुठ्ठ्याने वारा घालतोय. ताप १०१ निघाला. तासाभराने आई म्हणाल्या, हे लुगडं माझं का तिचं? म्हणजे काकूंचं. तेव्हा मला रडू आलं. संध्याकाळी डॉक्टर येताना बघून गेले, दोन दिवस गोळीचा डोस बदलून दिला. त्या रात्री त्या तिथेच झोपल्या, आणि आम्ही चौघं गच्चीवर. गच्चीवर संध्याकाळी पाणी मारलं की असा वाफारा उठतो की पाच मिनिटं उभं राहवत नाही, रात्री बारापर्यंत गादी खालून भाजते, दोन ते पाच स्वर्ग, आणि साडेपाचला सूर्य डोळ्यात. धाकटीला मात्र ती रात्र सगळ्यात आवडली, अजून विचारते परत कधी झोपायचं वर.

पण त्याच दिवशी काकूंनी एका मेकॅनिकचा नंबर दिला. इतवारीकडचे, साठीचे असतील, आधी फ्रीज दुरुस्त करायचे. फोनवर म्हणाले, ताई सकाळी सहाला येतो, नऊनंतर त्या भिंतीवर हात ठेवता येणार नाही. आणि शुक्रवारी सहाला पाच कमी असताना बेल. स्कूटरच्या पुढ्यात नायट्रोजनचा सिलिंडर उभा बांधलेला, पाठीवर पिशवी.

पहिला प्रश्न विचारला, हा एसी मधे कधी काढून लावला होता का?

हो. मार्चमधे. पाडव्याच्या आधी घराला रंग दिला तेव्हा रंगवाल्याच्या ओळखीतल्या मुलाने एसी उतरवला होता आणि रंग झाल्यावर परत बसवला होता. इतक्या दिवसांत हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, आणि आमच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मेकॅनिककाका खिडकीच्या बाहेर वाकले आणि आउटडोअरच्या जाड पाइपवरची पांढरी टेप सोलायला लागले. आत पितळेचा नट, आणि नटाभोवती एक काळपट, चिकट, धूळ बसलेलं कडं. बोट फिरवून मला दाखवलं. म्हणाले, ताई हे बघा, गॅसबरोबर कंप्रेसरचं तेल फिरत असतं. गॅस उडून जातो, तेल मागे पुरावा सोडून जातं. मग माझ्याकडून भांड्याच्या साबणाचा फेस मागितला, स्पंजने नटावर लावला. आम्ही सगळे खिडकीत डोकं घालून. आधी काही नाही. मग नटाच्या खालच्या अंगाला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, तिथेच दुसरा आला. मोठ्याने व्हिडिओ काढला. दोन महिने आमचा गॅस त्या मोहरीएवढ्या बुडबुड्यातून जात होता.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी चारचौघांत सांगत सुटले आहे. एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे बाप्पा, एसी चालताना तो जळत नाही, खर्च होत नाही, बंद पाइपमधे आतून बाहेर, बाहेरून आत नुसता फिरतो. कमी झाला म्हणजे गळलाच. दर दोन वर्षांनी भरावा लागतो म्हणजे दोन वर्षांत रिकामा होईल एवढं भोक आहे, आणि ते शोधायच्या ऐवजी आपण पैसे ओततो. आमच्या केसमधे परत बसवताना त्या मुलाने पाइपचं तोंड (फ्लेअर म्हणतात, तुतारीसारखं पसरट करतात) नवीन न करता जुनंच करकचून आवळलं होतं, त्याला चीर गेली. मशीनच्या थरथरीने चीर वाढत गेली, म्हणून मार्चपासून मेपर्यंत चाललेला गॅस दुसऱ्या वेळी चार दिवसांत गेला. शिवाय त्या पोराने पाइप हाताला गार लागेपर्यंतच भरला होता, मोजून नाही.

काकांनी उरलेला गॅस काढला, पाइपचं टोक इंचभर कापलं, आतली खरखरीत कड नीट घासली, नवीन फ्लेअर केलं, त्यावर तेलाचं बोट लावून नवीन नट आवळला. मग नायट्रोजन भरला आणि गेजच्या काचेवर काटा होता तिथे पेनाने खूण केली. म्हणाले, आता दोन तास काही नाही, चहा ठेवा. दोन तास! आधीचा वीस मिनिटांत गेला होता. काटा खुणेवरून हलला नाही, म्हणजे आता गळती नाही. मग व्हॅक्यूम पंप अर्धा तास, मग सिलिंडर छोट्या वजनकाट्यावर ठेवून गॅस. आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेलं असतं किती भरायचा, आमचा ८५० ग्रॅम, तेवढाच बरोब्बर. सगळे मिळून ३९०० घेतले. नवऱ्याने विचारलं तरी दुपारी कमी का गार करतो हो, तर म्हणाले डब्यावरचा दीड टन बाहेर ३५ अंश धरून मोजलेला असतो, तुम्ही त्याला पश्चिमेच्या भिंतीवर ४५ मधे टांगलाय, तो तरी काय करेल. वर दीड-दोन फूट सोडून सावली करा, पण पुढची जाळी झाकू नका, त्याला गरम हवा फेकायची असते. ती सावली आम्ही रविवारी केली, हिरवी जाळी आणि दोन बांबू.

आई शनिवारी वर आल्या. एसी २६ वर ठेवला होता, बिलासाठी. त्यांनी चष्मा लावून रिमोट बघितला, काही न बोलता २४ केलं आणि पलंगावर आडव्या झाल्या. दिवसा मात्र हॉलमधे कूलरच लागतो अजून, वाळ्याची ताटी बाल्कनीकडे आणि धोपा कुंडीत. दुसरी ताटी वाळ्याची करून आणली शेवटी, नवऱ्याने सुस्कारा न टाकता.

४ जूनला लोकसभेची मतमोजणी, आम्ही सगळे सकाळपासून कूलरपुढे टीव्ही लावून बसलेलो, आणि साडेअकराला फोन. कंपनीतून टेक्निशियन. मॅडम कूलिंग कमी असल्याची कंप्लेंट आहे ना तुमची, घरी आहात का, एका तासात येतो. फोन आईंनी उचलला होता. म्हणाल्या, या ना भाऊ, ऊन फार आहे, पन्हं प्यायला या. मग फोनवर हात ठेवून मला विचारलं, अगं तो काय हॅपी कोड मागून राहिला, देऊन टाकू का त्याला?